काटकसर कुणाला शिकवायची?

काटकसरीचा सल्ला द्यायचा असेल तर आधी समोरच्याच्या स्वयंपाकघरात काय आहे ते बघून यावं, असं माझं ठाम मत आहे. कॉन्स्टन्स पील या इंग्लिश लेखिकेबद्दल लिहावंसं वाटलं ते त्यामुळेच.

पुस्तकांवर त्यांचं नाव छापलं जायचं ते नवऱ्याच्या आद्याक्षरांनी, मिसेस सी. एस. पील. कमी पैशांत घर कसं चालवावं, हे त्या पहिल्या महायुद्धाच्या आधीपासूनच इंग्लंडच्या मध्यमवर्गीय गृहिणींना सांगत होत्या. १९१७च्या फेब्रुवारीत जर्मन पाणबुड्या दिसेल ते जहाज बुडवू लागल्या आणि बाहेरच्या गव्हावर जगणाऱ्या ब्रिटनचे धाबे दणाणले. सरकारने आवाहन केलं : माणशी आठवड्याला ४ पौंड पाव, अडीच पौंड मांस, पाऊण पौंड साखर, यापेक्षा जास्त खाऊ नका.

वरवर पाहता सगळ्यांना एकच माप. पण मजुराचं पोट भरायचं पावावर. त्यालाच पाव कमी कर म्हणायचं, आणि अडीच पौंड मांसाची मुभा द्यायची, जे त्याला परवडतच नव्हतं! मला हा उघड अन्याय वाटतो.

त्याच वर्षी अन्न मंत्रालयाने महिलांसाठीच्या कामाची धुरा पील आणि मॉड पेंबर रीव्ह्स या दोघींवर सोपवली. रीव्ह्सबाईंनी लंडनच्या लॅम्बेथ भागातल्या, आठवड्याला साधारण एक पौंड कमाईत भागवणाऱ्या घरांवर १९१३ मध्ये पुस्तक लिहिलं होतं. 'मुलांना ओटची लापशी द्या, स्वस्त आणि पौष्टिक' असं या बायकांना सगळे सांगायचे. पण घरात भांडं एकच, तेही जुनं, करपणारं. त्यात लापशी ढवळत बसायला वेळ नाही, वर घालायला दूध-साखर नाही. मुलं ती तोंडातही घेत नसत. मग आई मुकाट्याने पाव कापून द्यायची. तिला अडाणी म्हणणाऱ्यांनी तिचं ते भांडं कधी पाहिलंच नव्हतं.

पील यांच्या १९१७च्या पुस्तकाचं नाव होतं 'द ईट-लेस-मीट बुक', म्हणजे मांस कमी खा. हे ज्यांच्या ताटात मांस होतं त्यांनाच सांगण्यासारखं. मला ही दिशा योग्य वाटते. आपल्याकडे डाळ-तेल महागलं की 'कमी वापरा, तब्येतीला चांगलं' म्हणणारे मात्र सुखवस्तू आणि गरीब, दोन्ही घरांना एकाच मापाने मोजतात.

ज्यांना या विषयात रस आहे त्यांनी पील यांचं १९२९चं 'हाउ वी लिव्ह्ड देन' जरूर मिळवून वाचा. युद्धकाळातल्या घरांबद्दल आहे.