सोबत कुणी आहे ना?

सकाळी फोन उघडला आणि डोकं फिरलं.

मैत्रिणीच्या मुलीने फोटो टाकलाय. ती आणि तिची ऑफिसातली मैत्रीण, मागे जुनी जीप, बॉनेट उघडं, दोघींचे हात कोपरापर्यंत काळे. एका ऑफ-रोड नॅव्हिगेशन रॅलीत दोघींनी नाव घातलंय. फक्त बायकांची रॅली. जीपीएस नाही, फोन आयोजकांकडे सीलबंद, हातात कागदी नकाशा आणि होकायंत्र. मी खूश होऊन दोन शब्द लिहावेत म्हणून खाली गेले आणि वाचतच बसले. 'सोबत कुणी आहे ना?' 'एखादा मेकॅनिक तरी न्या.' 'ही गाडी अर्ध्यात बसेल.' 'आजकालच्या मुलींचं काही सांगता येत नाही.' आणि एका गृहस्थांनी 'वेग मोजत नाहीत म्हणजे पिकनिकच की' असं लिहून वर हसून घेतलंय. त्यांना लाइक देणाऱ्यांत दोघं माझ्या यादीतले आहेत. नावं घेत नाही. पण दिसतं हो आम्हाला.

आधी त्या पिकनिकचंच बघू.

मोरोक्कोच्या वाळवंटात १९९० पासून 'रॅली आयशा दे गाझेल' चालते. दोमिनिक सेरा नावाच्या बाईंनी सुरू केली. दोघींची टीम. तिथे लवकर पोचलात म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाही. दोन चेकपॉइंटमधलं, म्हणजे गाठायच्या ठरलेल्या जागांमधलं, सरळ अंतर किती आणि तुम्ही प्रत्यक्षात चाललात किती, हा हिशेब. जिचे जादा किलोमीटर सगळ्यांत कमी, ती जिंकली. चेकपॉइंट चुकला तर दंडही किलोमीटरमध्येच. म्हणजे समोर टेकडी आली की प्रश्न पडतो: वळसा घालून किलोमीटर वाढवायचे, की अंगावर घ्यायची आणि गाडी रुतली तर अर्धा दिवस फावडं मारत बसायचं? याला पिकनिक म्हणणाऱ्याने एकदा स्टिअरिंगवर बसून दाखवावं. नको, स्टिअरिंग राहू दे. नकाशा घेऊन बसावं.

अमेरिकेत नेव्हाडा-कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात २०१६ पासून 'रिबेल रॅली' होते. तिथले चेकपॉइंट हिरवे, निळे आणि काळे. हिरव्याला झेंडा असतो. काळ्याला काहीच नसतं. मोकळं रान. आपल्या हिशेबाने आपण पोचलो असं वाटलं की ट्रॅकरचं, म्हणजे गाडी कुठे आहे ते आयोजकांना कळवणाऱ्या यंत्राचं, बटण दाबायचं आणि पुढे निघायचं. बरोबर आहे का, ते बटण दाबण्याआधी कळत नाही. आयुष्यात इतक्या खात्रीने एखादं बटण दाबून दाखवा, मग बोलू.

मी एकदा बसलेय अशा रॅलीत. इतकी मोठी नव्हती, पण नियम साधारण हेच. जुनी पेट्रोल जीप, कार्बोरेटरवाली, मी चालवायला आणि माझी मैत्रीण नॅव्हिगेटर. तिच्या कानामागे पेन्सिल, गळ्यात दोरीने बांधलेली पारदर्शक पट्टी. १:१,००,००० चा नकाशा, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर शंभर मीटर. पेन्सिलीला टोक केलेलं नसेल तर नुसत्या रेघेच्या जाडीत पन्नास मीटर जमीन झाकली जाते. दर थांब्याला ती टोक करायची. मला आधी वाटलं, ही नखरे करतेय.

दुपारी चढावर गाडी बंद पडली. उन्हात जुन्या गाडीला होतं तेच झालं होतं. इंजिनच्या धगीने पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि कार्बोरेटरपर्यंत, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळतं तिथपर्यंत, पेट्रोल पोचत नाही. मी बॉनेट उघडलं, टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या पंपावर ओलं फडकं गुंडाळलं आणि नळीवर थोडं थोडं पाणी सोडत बसले. यात दुसरं करण्यासारखं काही नसतं. गार होईपर्यंत थांबायचं. तेवढ्यात मैत्रीण होकायंत्र घेऊन गाडीपासून बरीच लांब गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

आणि तेवढ्यात एक भलीमोठी नवी गाडी धुरळा उडवत आली. रॅलीशी काही संबंध नाही, असेच फिरायला आलेले एक काका. उतरले, मला काही न विचारता बॉनेटमध्ये वाकले आणि म्हणाले, "कॉइल गेलीय. सरका ताई." मी म्हटलं, ठिणगी देणारी कॉइल ठीक आहे, पंप तापलाय. ते म्हणाले, "कॉइलच आहे." मग इकडेतिकडे बघून हळू आवाजात विचारलं, "त्या ताई रागावल्यात का?"

रागावल्यात! अहो, गाडीचं लोखंड होकायंत्राची सुई ओढतं. गाडीत बसून बेअरिंग, म्हणजे समोरची खूण उत्तरेपासून किती अंशांवर आहे ते, घेतलं तर ते गाडीचं बेअरिंग, दिशेचं नव्हे. म्हणून दर वेळी उतरायचं, लांब चालत जायचं, सुई स्थिर होऊ द्यायची, समोरचा एखादा सुळका नाहीतर झाड धरायचं. एक अंशाची चूक दहा किलोमीटरवर पावणेदोनशे मीटर होते. पाच अंशांची झाली तर जवळजवळ नऊशे मीटर, म्हणजे चेकपॉइंट टेकडीच्या या बाजूला आणि तुम्ही त्या बाजूला. त्यात नकाशाची उत्तर आणि सुईची उत्तर एक नसते, आणि दोन्हींतला फरक वर्षागणिक सरकतो, म्हणून जुन्या नकाशावर छापलेला आकडा तसाच घेऊन चालत नाही. ती बाई तिथे उभी राहून हे सगळं डोक्यात करत होती. काकांना दिसलं काय, तर रुसून लांब जाऊन उभी राहिलेली बाई.

मला राग येतो तो याचा. दोघी बायका गाडीजवळ उभ्या दिसल्या की बघणाऱ्याच्या मनात आधी संकट तयार होतं, मग तो इलाज शोधत येतो. आमचं काम चालू असेल ही शक्यता कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आता 'आजकालच्या मुली'. आजकालच्या? १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेली मोटार मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेली. नवऱ्याला न सांगता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. मेकॅनिक कुठून न्यायचा होता हो तिने, सांगा बरं. १९०९ मध्ये ॲलिस रॅम्सी बावीस वर्षांची होती. मॅक्सवेल गाडी घेऊन न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला ५९ दिवसांत पोचली. बरोबर तिघी, तिघींतल्या एकीलाही गाडी चालवता येत नव्हती. वाटा सांगणारं पुस्तक होतं, त्यात लिहिलेलं की पिवळं घर आणि कोठार दिसलं की डावीकडे वळा. पिवळं घर काही सापडेना. चौकशी केली तर कळलं, घरमालकाला मोटारींचा तिटकारा, त्याने मुद्दाम घराला हिरवा रंग देऊन टाकला होता! माणसं तेव्हाही अशीच होती.

असो. जुन्या गाडीबद्दल बोलते, कारण तिथे लोकांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. एअरबॅग नसतात, ड्रमब्रेक ओले झाले की धरत नाहीत, धूर काय विचारू नका. मान्य. पण नवी गाडी बिघडली की स्क्रीनवर दिवा लागतो आणि तो का लागला हे समजायला दुसरं यंत्र लागतं. जुनी गाडी आधी सांगून बिघडते. स्प्रिंगच्या पाट्यांचा आवाज बदलतो, फॅनबेल्ट किंचाळतो, पेट्रोलचा वास येतो. पाना, पक्कड, तार आणि डोकं यांवर बरंच काही निभतं. शिवाय ती हळू चालते, आणि जिथे वेगाला मार्कच नाहीत तिथे हळू चालणं हे काही वैगुण्य नव्हे. चारही चाकांना जोर मिळावा म्हणून पुढच्या चाकांचे हब खाली उतरून हाताने लॉक करायला लागतात म्हणून नाक मुरडणाऱ्यांना सांगते, त्या निमित्ताने आपण उतरतो आणि वाळू पायाखाली कशी लागतेय ते कळतं. टायरमधली हवा उतरवायची की नाही हे तिथेच ठरतं. हवा उतरवली की चाकाचा घेर जरासा घटतो, मीटर जास्त किलोमीटर दाखवायला लागतो, म्हणजे नॅव्हिगेटरने तोही फरक वजा करायचा. सगळं एकमेकांत अडकलेलं. म्हणूनच मजा.

पुन्हा काकांकडे येते, कारण खरी गोष्ट पुढेच आहे. कॉइलवरून आमचं चाललेलं असताना मैत्रीण परत आली. काकांनी दोर काढला होता, म्हणाले, ओढून वर नेतो. मी सांगितलं की बाहेरच्याची मदत घेतली तर आम्ही बाद, दुसऱ्या टीमने ओढलं तर चालतं, तुम्ही नाही. त्यांना वाटलं मी भीड म्हणून बोलतेय. "अहो त्यात काय, कोण बघतंय!" मग त्यांनी खिशातून फोन काढला, स्क्रीनवर नकाशा उघडला आणि तिच्यासमोर धरत म्हणाले, "हे बघा, तुम्ही आत्ता इथे..."

तिने दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि ओरडली, "दाखवू नका!"

काका दोन पावलं मागे सरकले. पट्टी तिच्या गळ्यात हेलकावे खात होती, पेन्सिल खाली वाळूत पडलेली, आणि ही डोळे झाकून उभी. "फोन ठेवला का? ठेवला का अगं त्यांनी?" असं मला विचारत. मला हसू आवरेना. पण तिच्या आवाजात रडकुंडीला आलेलं काहीतरी होतं, ते मी विसरले नाहीये. सकाळपासून तिने ती जागा स्वतःच्या डोक्याने धरून ठेवली होती. तीन टेकड्यांची बेअरिंग घेऊन, नकाशावर रेघा ओढून, जिथे त्या मिळतात तिथे बारीक टिंब करून. आणि एक भला माणूस ते सगळं निळ्या ठिपक्याने पुसून टाकायला निघाला होता, फुकटात, वर उपकार म्हणून.

'सोबत कुणी आहे ना' विचारणाऱ्यांना मला हेच सांगायचंय. तुम्ही देताय ती गोष्ट वाईट नाही. पण ज्यासाठी त्या दोघी घरून निघाल्यात, नेमकं तेच तुम्ही काढून घेताय.

हो, वाळवंटात माणसं मरतात. मला ठाऊक आहे. म्हणूनच प्रत्येक गाडीत ट्रॅकर असतो, संकटात दाबायचं बटण असतं, आयोजकांचे डॉक्टर असतात. पुढे.

आणि 'फक्त बायकांची कशाला, दम असेल तर सगळ्यांत उतरा' म्हणणारेही येतीलच. उतरल्या की. १९८१ मध्ये मिशेल मूटों आणि फाब्रित्सिया पोन्स, दोघी एका गाडीत, सानरेमो रॅली जिंकल्या, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतली फेरी. पुढच्या वर्षी मूटों जगात दुसरी आली. २००१ ची डकार रॅली युटा क्लाइनश्मिटने जिंकली. तो मुद्दा कधीच निकाली निघालाय. मला बायकांची रॅली आवडते ती वेगळ्याच कारणाने. मिश्र गाडीत कामं न बोलता वाटली जातात. स्टिअरिंग त्याच्याकडे, पाना त्याच्याकडे, नकाशा तिच्याकडे आणि रस्ता चुकल्याचा दोषही तिच्याकडे. दोघीच असल्या की जॅक कुणाला तरी लावावाच लागतो. कुणीतरी गाडीखाली शिरतंच. दोघींनाही हे आधी माहीत असतं, त्यामुळे 'मला ते जमत नाही' हे वाक्य गाडीत चढतच नाही. गुलाबी झेंडे, गुलाबी टोप्या हा प्रकार मलाही डोक्यात जातो, पण त्याचं नंतर कधीतरी.

एवढं लिहून झाल्यावर जरा शांत झालेय, तर काकांबद्दल एक सांगायलाच हवं. पंप गार झाला, दुसऱ्या सेल्फला गाडी सुरू झाली. काका निघून गेले असतील असं वाटलं होतं. ते वर टेकाडावर गाडी लावून बसले होते. आम्ही चढ चढून गेलो तेव्हा त्यांनी फोन खिशातच ठेवून, लांबूनच पाण्याचा कॅन वर करून दाखवला: हवंय का? आम्ही नको म्हटलं. त्यांनी हात केला. चिडावं असा माणूस नव्हता तो. माझी चिडचिड होते ती त्यांच्यामुळे नाही, फोटोखालच्या तुमच्यामुळे. ते निदान उन्हात उतरले तरी होते.

पोरींनो, तुम्ही हे वाचत असाल तर कमेंट बंद करा आणि कामाला लागा. गाडीचा पेट्रोल खेचणारा पंप एक जादा ठेवा, फॅनबेल्ट दोन. पेन नको, पेन्सिल, आणि टोक करायचं यंत्र दोघींच्या खिशात वेगवेगळं. मीटर आधी माहितीच्या अंतरावर तपासून घ्या. भांडायचं असेल तर गाडी थांबवून भांडा, चालत्या गाडीत बेअरिंगवरून वाद घातला की प्रत्येक वाक्याला शंभर मीटर जातात. माझ्याकडे रुतलेली गाडी ओढायची जुनी रिकव्हरीची पट्टी आणि वाळूत चाकाखाली घालायचे दोन सँड बोर्ड पडून आहेत, येऊन घेऊन जा. संध्याकाळी सातनंतर घरी असते.