टेम्सच्या पोटातली फेरीबोट

लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा म्हणजे कोणीतरी शिरवाळे, तांदळाच्या शेवया हो, रंगवून ताटात ओतलेत. पोर्तुगीज पासपोर्टावर तिकडे गेलेली आमची गोव्याची पोरं महिन्याभरात सेंट्रल, जुबिली, नॉर्दर्न तोंडपाठ करतात. पण नकाशाच्या मध्यावर बोटाच्या पेराएवढा एक फिरोजी तुकडा आहे, वॉटर्लू अँड सिटी लाइन. तो विचारलात की "ती होय? तिचं काही कळत नाही," म्हणून मोकळी होतात.

मला याचं नवल वाटतं. गोवेकराला उपजत कळावी अशी लंडनमधली ही एकच लाइन. ती रेल्वे नव्हेच, पणजी-बेतीची फेरीबोट आहे. अलीकडे एक धक्का, पलीकडे एक धक्का, मध्ये नदी. वॉटर्लू आणि बँक, स्टेशनं दोनच. लांबी २.३७ किलोमीटर, वेळ साधारण चार मिनिटं. फरक म्हणाल तर एवढाच की ही बोट पाण्याखालून जाते, आणि पायी माणसाला फुकट नेत नाही.

फेरी का लागली तेही ओळखीचंच. लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वे कारकुनांना वॉटर्लूपर्यंत आणून सोडायची, आणि त्यांच्या कचेऱ्या नदीपल्याड, बँकेच्या आसपास. म्हणजे घर पर्वरीला नि टेबल पणजीला. (१९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हाची बेतीच्या धक्क्यावरची दाटी ज्यांना आठवते, त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.) मग ब्लॅकफ्रायर्स पुलाच्या बाजूनं नदीखालून दोन बोगदे काढले आणि ८ ऑगस्ट १८९८ ला विजेची गाडी सुरू झाली. जवळजवळ शतकभर ही लाइन वरच्या मोठ्या रेल्वेच्याच संसारात होती. भुयारी रेल्वेच्या घरात आली १ एप्रिल १९९४ ला, एका पाउंडाला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एवढ्यात पिशवीभर सुकी सुंगटं येतील की नाही, शंकाच आहे.

लंडनवाले तिला लाडानं 'ड्रेन' म्हणतात, म्हणजे गटार. आपल्याकडे कुणी फेरीबोटीला असं म्हणून दाखवावं!

आता हिची खरी गंमत. ही लाइन दुसऱ्या कुठल्याच रुळाला जोडलेली नाही. डेपोसकट सगळा कारभार जमिनीखाली. चार डब्यांच्या पाच गाड्या आहेत, १९९३ मध्ये आलेल्या, त्या दिवसभर दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घालतात. गाडीचं किरकोळ दुखणं खालीच निभावतं. मोठं काम निघालं तर वॉटर्लूच्या डेपोजवळ जमिनीत एक मोठं भोक ठेवलंय, त्यावर रस्त्यावरची क्रेन आणून उभी करतात आणि एकेक डबा वर ओढतात. विहिरीत पडलेली कळशी गळ टाकून काढावी तसा. मग तो ट्रकवर चढतो आणि रस्त्यानं कारखान्यात जातो. रेल्वेच्या डब्यानं ट्रकमध्ये बसून प्रवास करावा, याहून मोठा अपमान तो कोणता?

वॉटर्लूला गोंधळ होतो तो उभं राहण्यात. इथे येणारी गाडी २५ नंबरच्या फलाटावर रिकामी होते आणि सुटणारी २६ वर भरते. रिकामी गाडी मधल्या मध्ये पुढे डेपोच्या बाजूला जाऊन उलटून येते. म्हणून २५ वर गाडी दिसली की धावून उपयोग नाही. फिरोजी पट्टी धरून चाला, ती बरोबर २६ वर नेते. बँकेला फलाट ७ आणि ८. तिथे दोन्हीकडून गाड्या सुटतात, त्यामुळे पाय नव्हे, पाटी बघायची.

बँकेला उतरलात की वर जायला १९६० सालचा एक चढता सरकता रस्ता आहे. त्यावर उभं राहायचं उजव्या बाजूला. डावी बाजू घाईवाल्यांची, आणि तिथे बॅगेसकट ऐसपैस उभं राहिलेल्या माणसाच्या पाठीमागून जो "सॉरी" ऐकू येतो त्यात माफीचा अंशही नसतो. नॉर्दर्न लाइन पकडायची असेल तर बूट बरे घाला. गाडीत जेवढं बसलात त्याहून जास्त वेळ कधी कधी चालण्यातच जातो.

तिकिटाऐवजी दारावरच्या यंत्राला लावायचं कार्ड माणशी एक. सासू-सून एका कार्डावर आत जाऊ शकत नाहीत, आणि आत शिरताना कार्ड, बाहेर पडताना मोबाइल लावलात तर यंत्र त्याला दोन वेगळी माणसं समजून दोघांकडून जास्तीचे पैसे कापतं.

आणि शनिवार-रविवार विसरा. ही कचेरीवाल्यांची फेरी. साहेब नाही तर बोट नाही. पूर्वी शनिवारी तरी चालायची. मार्च २०२० मध्ये बंद पडली, २१ जून २०२१ ला परत आली ती फक्त सोमवार ते शुक्रवारची. तरी दर रविवारी कुणीतरी पाहुणा नकाशातला फिरोजी तुकडा बघून बंद दारापाशी जाऊन उभा राहतोच. त्यानं वॉटर्लूहून जुबिली लाइननं साउथवर्कवरून लंडन ब्रिजला जावं, तिथून नॉर्दर्ननं पुढचंच स्टेशन बँक.

गाडीत झोप लागली तर? बँकेला घाबरू नका, तीच गाडी तुम्हाला परत आणते. वॉटर्लूला मात्र उठाच. पुढे डेपो आहे, आणि तिथून वर काढायला काय लागतं ते सांगून झालंय.