फुलानी गोपालक केवळ डोकी मोजतात?

पश्चिम आफ्रिकेतील फुलानी गोपालकांविषयी एक विधान पुन्हा पुन्हा पुढे पाठवले जाते. त्याचा आशय असा: या लोकांना पैदास ठाऊक नाही, ते केवळ डोकी मोजतात, त्सेत्से माशीच्या दमट वनपट्ट्यात गुरे मुळात जगतच नाहीत, तरीही ते हट्टाने आपली वशिंडाची गुरे तिथे नेतात, रोगाला दाद न देणारी जात आणली की प्रश्न मिटेल.

गुरे जगत नाहीत, हा भाग सर्वांत कच्चा आहे. मुतुरू आणि लागून या बुटक्या, बिनवशिंडाच्या जाती त्या किनारी पट्ट्यात फार पूर्वीपासून आहेत. गिनीच्या फूटा जालोन डोंगराळ प्रदेशात न्दामा ही बिनवशिंडाची जात पाळली जाते आणि तिचे पालक फुलानीच आहेत. म्हणजे 'फुलानी म्हणजे वशिंडाची गुरे' हे समीकरणही टिकत नाही. त्सेत्से माशी ट्रिपॅनोसोम नावाचा परजीवी पसरवते. आपल्याकडील जनावरांचा सर्रा हा रोग त्याच गटातल्या परजीवीमुळे होतो, पण भारतात ही माशी नाही. न्दामाला त्सेत्सेमुळे होणारा हा रोग होतच नाही असे नव्हे. तिच्या रक्तात परजीवी आटोक्यात राहतो आणि रक्तक्षय लवकर विकोपाला जात नाही, एवढेच.

पैदास ठाऊक नाही, हा आरोप मात्र सविस्तर तपासावा लागतो. संध्याकाळी वासरे 'दांगोल' नावाच्या लांब दोरीला ओळीने बांधली जातात. एकेक वासरू सोडले की ते आधी आचळाला लागते, गाय पान्हा सोडते, मग वासराला बाजूला करून धार काढली जाते. कोणती गाय किती देते, वासराला किती उरते आणि कोणती दर वेळी वेळेवर गाभण राहते, हे नोंदवहीशिवाय वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर राहते, कारण गायींना नावे असतात आणि त्यांच्या मायकुळाची आठवण ठेवली जाते. वळूसाठी खोंड निवडताना त्याच्या अंगाबरोबरच त्याच्या आईचे दूध पाहिले जाते. उरलेले खोंड खच्ची केले जातात किंवा विकले जातात. म्हणूनच कळपात गायी-कालवडींचीच संख्या जास्त असते. संख्या वाढवण्याचा कल आहेच, कारण साथ आणि दुष्काळ यांविरुद्ध तोच त्यांचा विमा आहे. पण त्यावरून निवड होत नाही असे ठरत नाही. सह्याद्रीच्या धुवांधार पावसात टिकणारी आपली डांगी गाय तरी कोणत्या प्रयोगशाळेत घडली होती?

दमट पट्ट्यात ही निवड जातीच्याही पातळीवर होते. तांबडी, लांब शिंगांची राहाजी गाय फुलानींमध्ये प्रतिष्ठेची, पण ती कोरड्या मुलखाची. त्यामुळे नायजेरियात दक्षिणेकडे सरकलेल्या अनेक कुटुंबांनी वशिंडाच्याच पांढऱ्या बुनाजी जातीला पसंती दिली. नायजेरिया-बेनिन सीमेवरील बोर्गू परिसरात मुतुरू आणि वशिंडाची गुरे यांच्या संकरातून केतेकू ही मधली जातही तयार झाली.

हट्टाच्या आरोपात तथ्य थोडेच आहे. बुनाजी अंगाने मोठी, तिला बाजारात भाव चांगला आणि दूधही अधिक. दूध-दही विकून येणारा पैसा घरच्या बायकांच्या हाती येतो. शेतीसाठी जंगल तुटले, रानटी जनावरे घटली, तशी सवानातील, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ मुलखातील, त्सेत्से अनेक भागांत मागे हटली. डायमिनाझीन आणि आयसोमेटामिडियम ही या रोगावरची औषधे गावोगावी मिळू लागली. धोका आहे तो इथे: नदीकाठच्या त्सेत्सेच्या जाती वस्तीजवळही तग धरतात, आणि गोपालक स्वतःच कमी मात्रेत इंजेक्शने देतात तेव्हा औषधाला न जुमानणारे परजीवी वाढतात. टीका करायची तर या औषधांवरच्या भिस्तीवर करावी.

राहिला 'जात आणा' हा उपाय. त्याच्या बाजूने मेसेज पाठवणाऱ्यांना सुचलेला नसेल असाही एक मुद्दा आहे: दमट हवेत गोचिडांबरोबर बळावणारा, कातडीवर खपल्या आणणारा डर्मॅटोफिलोसिस न्दामाला तुलनेने कमी छळतो. पण न्दामा अंगाने लहान असते आणि दूध बेताचेच देते, त्यामुळे दुधावर चालणारे घर तिच्यावर चालवणे अवघड. संकर हा मधला मार्ग आहे खरा, मात्र संकरित कालवडींवर पिढ्यानपिढ्या बुनाजीचाच वळू सोडला तर दुधाबरोबर अंगही वाढते आणि मुतुरूकडून आलेली सहनशक्ती क्षीण होत जाते. केतेकूच्या बाबतीत हेच घडण्याची भीती आहे, आणि बाहेरून न्दामा आणून ती टळणार नाही.