‘रिकामटेकड्यांचे चोचले’: एका प्रतिक्रियेला उत्तर

कुत्र्याचं नाव कसं निवडावं यावर मी एक लेख लिहिला होता: नाव छोटं, हाक लांबवता येईल असं आणि रोजच्या आज्ञांशी न जुळणारं असावं, पनीरचे तुकडे देऊन शिकवावं, आणि बसंतीसारखी किंवा माणसांची नावं टाळावीत. त्यावर ‘गावकरी’ या नावाने आलेली प्रतिक्रिया अशी: “आमचा मोत्या एका हाकेत शेताच्या दुसऱ्या टोकावरून येतो. त्याला कुणी पनीर भरवून नाव शिकवलं नव्हतं. कुत्रं आवाज ओळखतं आणि भाकरी ओळखतं, नावाचा अर्थ त्याला कळत नाही. हे सगळे शहरी रिकामटेकड्यांचे चोचले. बसंती नावात काय वाईट आहे? आणि माणसांची नावं कुत्र्याला देऊ नका हे सांगणारे तुम्ही कोण?”

नावाचा अर्थ कुत्र्याला कळत नाही, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. लेख लांबला होता हेही मान्य. आता ‘रिकामटेकडे’.

कुत्र्यांना आणि त्यांच्या मालकांना शिकवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. ‘बोलावलं तर येत नाही’ ही तक्रार घेऊन येणारे लोक रिकामे नसतात. गेट उघडं राहिलं की कुत्रं थेट गाडीखाली जाईल या धास्तीत ते असतात. त्या धास्तीला चोचले म्हणायचं असेल तर समोर येऊन म्हणा, टोपणनावाआडून नको.

बरं, तुमचा मोत्याच घेऊ. तुम्ही ज्या नियमांची टिंगल केलीत, ते सगळे या नावाने पाळलेत. दोन अक्षरं आहेत. शेवटी ‘आ’ आहे, म्हणजे हाक हवी तेवढी लांबवता येते. मोत्या, वाघ्या, खंड्या, टिप्या, राजा ही नावं पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती काही उगाच नव्हे. ‘मॅक्स’ शेवटी लांबत नाही, म्हणून आठवड्याभरात त्याचा मॅक्सी होतो, आजी मॅक्सू म्हणते आणि पिल्लाला तीन नावं होतात.

आणि मुख्य म्हणजे कुत्र्याशी बोलताना जे शब्द रोज वापरतो, त्यांच्यापैकी कशाशीच मोत्या जुळत नाही. बस, ये, थांब, नको, सोड, चल, आण. त्यात आपले यू यू, छू आणि हाड. आता याच्याशेजारी कोको ठेवून बघा. चप्पल तोंडात धरल्यावर ‘नको’ ओरडायचं आणि जेवायला ‘कोको’ म्हणून बोलवायचं. छोटूची सुरुवात छू सारखी. हार्डीचं तर विचारूच नका, गल्लीतली निम्मी माणसं त्याला दिवसभर ‘हाड’ म्हणतात. बुडापेस्टच्या एओत्वोश लोरांड विद्यापीठातल्या संशोधकांनी पाळीव कुत्र्यांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून हेच तपासलं. ओळखीचा शब्द आणि अगदी वेगळा निरर्थक शब्द यांतला फरक कुत्र्यांच्या मेंदूत दिसला, पण ओळखीच्या शब्दातला एकच ध्वनी बदलला तर तो दिसला नाही. हे २०२० साली प्रसिद्ध झालंय. ते लोकही रिकामटेकडेच असतील.

राहिलं पनीर. तुमच्या घरी ‘मोत्याऽऽ’ अशी हाक गेली की भाकरीचा तुकडा पडतो, बरोबर? मग नाव तुम्हीही शिकवलंतच की, फक्त मोजलं नाहीत. शेतात शांतता असते, हाक मारणारी माणसं ठरलेली असतात, म्हणून ते आपोआप होतं. फ्लॅटमध्ये टीव्ही, मिक्सर, शेजारचं बाळ आणि पाच जणांच्या पाच हाका असतात. मेरीलँड विद्यापीठातल्या २०१९ च्या प्रयोगात माणसांचा गलबला नावाच्या हाकेइतकाच मोठा असताना अनोळखी माणसाच्या तोंडूनही कुत्र्यांनी स्वतःचं नाव ओळखलं. म्हणजे गोंगाटातही जमतं, पण नाव आधी पक्कं झालेलं हवं.

ते पक्कं करायची रीत अशी. बंद खोली. हरभऱ्याच्या दाण्याएवढे पनीरचे किंवा उकडलेल्या चिकनचे दहा तुकडे. नाव एकदाच घ्यायचं. मान वळली की त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि तुकडा. नाही वळली तर नाव पुन्हा न घेता जिभेने टकटक करायचं किंवा दोन पावलं मागे सरकायचं, कारण पाच वेळा हाक मारलीत तर पहिल्या चार हाका सोडून द्यायच्या असतात हे पिल्लू शिकतं. असं दिवसातून तीनदा, दोन-दोन मिनिटं. खोलीत दहापैकी नऊ वेळा जमलं की गॅलरी, मग जिना, मग सोसायटीचं आवार.

हे बिघडतं ते बहुतेक एकाच कारणाने: नाव रागवायला वापरलं जातं. ‘मोत्या! काय केलंस हे!’ किंवा हाक मारून जवळ घेतलं आणि थेट आंघोळ, नखं, कानात औषध. असल्या कामांना नाव घ्यायचं नाही, आपण उठून त्याच्याकडे जायचं.

दत्तक घेतलेल्या मोठ्या कुत्र्याचं नाव बदलायचं असेल तर आधी नवं नाव, लगेच जुनं, मग तुकडा. क्रम उलटा केलात तर जुन्या नावालाच मान वळते आणि नव्याकडे लक्ष द्यायचं त्याला कारण उरत नाही. नव्या नावालाच मान वळू लागली की जुनं सोडून द्या.

माणसांच्या नावांबद्दल वाद घालत बसत नाही. शेजारच्या काकांचं नाव देऊन संध्याकाळी गॅलरीतून हाक मारून बघा.

आणि बसंती. नावात वाईट काही नाही. अडचण पहिल्या अक्षरांची आहे: ‘बसंती, ये’ म्हटलं की नीट शिकलेलं पिल्लू ‘बस’वरच बूड टेकतं आणि मग ‘ऐकत नाही’ म्हणून ओरडा खातं. नाव ठेवून झालं असेल तर बदलू नका, बसायचा शब्द बदला. ‘सिट’ म्हणा, घरातल्या सगळ्यांनी तेच म्हणा. इंग्रजी शब्द आला म्हणून पुन्हा प्रतिक्रिया लिहिणार असाल, तर तळहात वर करून खूण करा. ती मराठीतच आहे.