गेड गोरा नाही

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबलचक होईल, वाचायचं तर वाचा.

उर्सुला ली ग्विन यांच्या 'अर्थसी' या जादूगारांच्या कादंबऱ्यांवर सिनेमा निघाला तर त्यात कोण कोण हवं, याची कुणीतरी चित्रं बनवून टाकलीयत. त्यातला नायक, जादू शिकणारा गेड, त्याच्या जागी सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा, दुधासारखा पांढरा पोरगा. खाली बदामांचा नुसता पाऊस. 'परफेक्ट!' 'अगदी असाच डोळ्यासमोर होता!' असाच होता? अहो, पुस्तक वाचलंय ना तुम्ही?

गेड गोरा नाही. १९६८ साली पहिलं पुस्तक आलं तेव्हापासून नाही. पहिल्या प्रकरणात त्याच्या गावावर चाल करून येतात ते कार्ग लोक गोरे आणि पिवळ्या केसांचे आहेत, आणि हा पोरगा धुकं उभं करून त्यांना चकवतो. ली ग्विनबाईंनी हे सहज म्हणून लिहिलेलं नाही, ठरवून लिहिलंय.

मी सातवीत होते. शाळेच्या नाटकात मला राजकन्या व्हायचं होतं. सगळे संवाद पाठ होते, माझेही आणि बाकीच्यांचेही. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आवाज छान आहे गं तुझा, पण रंग स्टेजवर उठत नाही. तू चेटकीण कर." मी चेटकीण केली. चांगली केली. घरी कुणाला काही बोलले नाही.

त्याच सुट्टीत हे पुस्तक हातात आलं. शेजारी डिक्शनरी उघडी ठेवून एकेक पान वाचत होते. वहीच्या मागच्या पानावर गेडचं चित्र काढलं होतं, हातात काठी, खांद्यावर तो छोटासा ओटॅक, त्याचं लाडकं जनावर. रंगवताना हात आपोआप त्या फिक्या गुलाबी पेन्सिलीकडे गेला, जिला आम्ही सगळे 'स्किन कलर' म्हणायचो. आणि मग तिसऱ्या प्रकरणात, रोक बेटावरच्या जादूगारांच्या शाळेत गेडच्या मित्राची, वेचची ओळख होते तिथे, ली ग्विनबाई जाता जाता सांगून टाकतात की वेच काळा होता, गेड आणि शाळेतला दुसरा पोरगा जास्पर आणि त्या बेटांवरच्या बहुतेक लोकांसारखा तांबूस तपकिरी नव्हता. एवढंच. पुढच्या वाक्यात दुसरा विषय. मी ते वाक्य किती वेळा वाचलं असेल! मग खोडरबर घेतला. पेन्सिलीचा रंग काही निघेना, घासून घासून कागदच फाटला. गालाच्या जागी भोक पडलं. उरलेला चेहरा मी तपकिरी रंगवला.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, काल्पनिक जग आहे. काल्पनिक आहे म्हणूनच तर! ड्रॅगन चालतात, गेडनंच मोकळी सोडलेली सावली त्याच्या मागे लागलेली चालते, आणि सावळा नायक तेवढा चालत नाही?

आणि हे काही मी हवेत बोलत नाही. २००४ साली अमेरिकेतल्या साय-फाय चॅनेलनं मालिका केलीच की. गेड गोरा, बाकीची बहुतेक मंडळीही गोरी. डॅनी ग्लोव्हर या कृष्णवर्णीय नटाला ओगियन, म्हणजे गेडचा गुरू केलं, की झालं. ली ग्विनबाईंनी जाहीर लेख लिहून आपली नाराजी सांगितली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्याआधी कितीतरी वर्षं पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरच्या गोऱ्या गेडशी त्या भांडत होत्याच. आणि त्या मालिकेत नावांचं काय केलं माहितीये? ज्या जगात माणसाचं खरं नाव कळलं की तो माणूस मुठीत येतो, जिवाभावाच्या दोन-चार जणांनाच ते सांगायचं असतं, त्या जगात त्यांनी खरं नाव आणि हाकेचं नाव यांची अदलाबदल केली! 'गेड' हे त्याचं खरं नाव, आणि चारचौघांत सगळे त्याला खुशाल 'गेड' म्हणतायत. मला बघवलं नाही. बंद केलं.

२००६ चा, घिब्ली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओचा 'अर्थसी'वरचा सिनेमा देखणा आहे, नाही म्हणत नाही. पण एक दुष्ट माणूस मारला की दुष्टपणा संपला, हे 'अर्थसी' नव्हे.

हो, मान्य, सिनेमा म्हणजे पुस्तकाची झेरॉक्स नसते. कात्री लागणारच. पीटर जॅक्सननं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधून टॉम बॉम्बाडिल हे पात्र अख्खं गाळलं आणि तरी ते तिन्ही सिनेमे माझा जीव की प्राण आहेत. पण 'असा नट मिळणार कुठे' हे मला सांगू नका. त्याच जॅक्सननं शूटिंग सुरू झाल्यावर ॲरागॉर्न या नायकाचा नट बदलला आणि ऐनवेळी विगो मॉर्टेन्सन आणला. शोधलं की सापडतो. आणि 'रंग उठत नाही' म्हणत असाल तर दिवे कशाला असतात मग?

मला कुणी स्टार नकोच आहे. कुणीही न पाहिलेला एक किडकिडीत, हट्टी, तांबूस तपकिरी पोरगा हवाय, ज्याच्या डोळ्यांत आधी माज दिसेल आणि सावलीनं केलेल्या जखमेनंतर भीती. डाव्या गालावरचे व्रण मेकअपवाल्यांनी लाजतबुजत काढू नयेत. वेच काळाच हवा, थोराड, हसरा. त्याच्या घरचा प्रसंग कापलात तर मी रडेन. ओगियन म्हातारा आणि गप्प हवा. तो पाऊस असतो ना, ओगियनला हटवता आला असता, पण तो पडू देतो आणि दोघं भिजत राहतात, पोरगा आतून धुमसत असतो? तो पूर्ण हवा. संगीत नको, निवेदन नको, पाच मिनिटं नुसता पाऊस.

ओटॅकही हवा. गेड मेल्यासारखा पडलेला असतो आणि ते एवढंसं जनावर त्याला चाटून चाटून परत आणतं. तिथे मी आजही थांबते.

आणि कृपा करून शेवटी लढाई घालू नका. पहिल्या प्रकरणातली ती चाल सोडली तर या पुस्तकात युद्धच नाही! सावलीला शिंगं, सुळे, लाल डोळे काही नकोत. भर समुद्रात गेड आणि सावली समोरासमोर येतात, दोघं एकाच वेळी एकच नाव उच्चारतात, बस. ते इतक्या हळू व्हायला हवं, की थिएटरात शेजारच्याचा श्वास ऐकू यावा.

राग आता जरा उतरलाय. खरं तर दुपारीच उतरला होता. भाची आलीय, अकरा वर्षांची, माझीच जुनी प्रत वाचतेय. माझ्याहून सावळी आहे. माझ्या खांद्यावरून तिनं ते चित्र पाहिलं.

"मावशी, हा कोण?"

"गेड म्हणे."

ती जराही चिडली नाही. थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अच्छा. पिक्चरमध्ये असं करावंच लागतं का?"

मला काही बोलता आलं नाही. माळ्यावरून ट्रंक काढली, खालून ती वही काढली, मागचं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. तिनं गालाच्या भोकातून बोट घातलं, वही उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "इथे आधी काय होतं?"

मग सगळं सांगितलं तिला, बाईंपासून.