पद्मिनी घ्यायची असेल तर आधी तिचा पत्रा पाहा

जुनी गाडी हौसेने बाळगणे हा केवळ धनिकांचा छंद आहे, हा समज निदान प्रीमियर पद्मिनीच्या बाबतीत खरा नाही, आणि ती स्वस्तात सांभाळता का येते याचे कारण तिच्या इतिहासातच आहे. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डिलाइट म्हणून तयार होऊ लागलेली आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी झालेली ही गाडी उत्पादन थांबेपर्यंत मूलतः तशीच राहिली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगला जोडलेला हँडगिअर आणि मागे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) ही तिची मांडणी. (त्याआधीची गोल पाठीची ‘डुक्कर फियाट’ वेगळी, तिचे भाव आणि तिचे भक्त, दोन्ही वेगळ्या वर्गातले.) त्यातच मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी हीच गाडी कित्येक दशके चालवल्यामुळे तिचे सुटे भाग आणि ते बसवणारे मिस्त्री गल्लोगल्ली तयार झाले. आपल्यासारख्या हौशी लोकांची हौस खरे तर टॅक्सीच्या त्या धंद्यावर पोसली गेली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेच्या नियमानुसार मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. मला मात्र काळजी वाटली ती कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांची, कारण रोजचे गिऱ्हाईक गेल्यावर केवळ हौशी मंडळींसाठी कोणी किती दिवस माल ठेवणार?

अशी गाडी घेऊ इच्छिणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच असते की, इंजिनाच्या आवाजावर आणि रंगाच्या चकाकीवर भाळू नये. इंजिन उतरवणे, बोअर करून नवे पिस्टन बसवणे, क्रँक ग्राइंड करून घेणे, कार्बोरेटर उघडून साफ करणे ही सगळी कामे जुन्या वळणाचा कोणताही चांगला मिस्त्री आणि लेथवाला करू शकतो व त्यांचा खर्च आधी सांगता येतो. पत्र्याचे तसे नाही. या गाडीला ट्रक-जीपसारखी वेगळी चौकट नाही. तळ, दाराखालचे उंबरे आणि खांब मिळूनच तिचा सांगाडा होतो, त्यामुळे तळ सडला म्हणजे गाडीचा कणाच सडला असे समजावे. गालिचे उचलून पायाखालचा भाग पाहावा, डिकीत स्टेपनी काढून खालचा पत्रा बोटाने दाबावा, जॅक लावण्याच्या जागा तपासाव्यात आणि दारांच्या खालच्या कडांवरून लोहचुंबक फिरवावे. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नसून पुट्टी, म्हणजे खड्डे बुजवायचा लेप आहे. आयुष्यभर मुंबईच्या किंवा कोकणच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या चकचकीत गाडीपेक्षा सोलापूर-लातूरकडची, उन्हाने रंग उडालेली पण कोरड्या हवेतली गाडी मी डोळे झाकून निवडेन. माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांनी गाडी आधी रंगवून घेतली आणि पुढच्याच पावसाळ्यात रंगाखालची पुट्टी फुगून वर आली. मग तेच पत्र्याचे काम दुप्पट खर्चाने करावे लागले.

तसेच ‘रिस्टोअर केली’, म्हणजे मूळ रूपात आणली, असे सांगत जिच्यात आधुनिक इंजिन, अलॉय चाके आणि डिजिटल मीटर बसवले आहेत, अशी गाडी पाहिली की मला वाईट वाटते. पैसे मालकाचे, हे मान्य. पण ती पद्मिनी राहत नाही आणि नवी गाडीही होत नाही. अपवाद सुरक्षिततेचा आणि इंधनाचा. सीटबेल्ट जरूर बसवावेत, आणि पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येत असल्याने जुने रबरी पाइप व इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातला पडदा इथेनॉलला टिकणारे बसवून घ्यावेत. इथेनॉल पाणी शोषून घेते, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीची टाकी आतून गंजते. गाडी अधूनमधून चालवत राहणे हाच त्यावरचा स्वस्त उपाय.

आता नियमांविषयी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातल्या गाड्यांना ‘व्हीए’ ही विंटेज नोंदणी मिळते, परंतु अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती चालवता येते. ऐंशीच्या दशकातली पद्मिनी मुळात या वयात बसत नाही, आणि बसली तरी रविवारी भाजी आणायला तीच गाडी काढणाऱ्या माणसाला त्या नोंदणीचा उपयोग नाही. उरतो तो नेहमीचा मार्ग: पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस तपासणी, नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून एकदम ५००० रुपयांवर गेले. वर्षाला मोजके किलोमीटर चालणाऱ्या, मूळ स्वरूपात जपलेल्या आणि प्रदूषण तपासणीत उत्तीर्ण होणाऱ्या तीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी मधला एखादा वर्ग करावा, वार्षिक किलोमीटरची मर्यादा घालावी आणि शुल्क त्या प्रमाणात ठेवावे, अशी माझी मागणी आहे. मीटरची नोंद विम्याच्या वेळी दरवर्षी घेता येईल, त्यासाठी वेगळी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही.