सोळाव्या वर्षी घरबसल्या भत्ता? ब्रिटनचा नियम नेमका उलटा आहे

“ब्रिटनमध्ये पोरगं सोळा वर्षांचं झालं की शाळा सोडून घरी बसलं तरी सरकार भत्ता देतं, आईबापांनाही वेगळे पैसे मिळतात, म्हणून तिकडची पोरं शिकत नाहीत.” हा मजकूर मराठी ग्रुपांवर सर्रास फिरतोय. त्यातला एकेक दावा बघू.

सोळाव्या वर्षी भत्ता. तो सप्टेंबर 1988 मध्येच गेला. थॅचर सरकारने 16-17 वर्षांच्या बहुतेक मुलांचा हक्क काढला आणि त्याऐवजी प्रशिक्षणाच्या जागेची हमी दिली. प्रशिक्षणाला गेलं तर आठवड्याला 29.50 पौंड, सतराव्या वर्षी 35. आजचं युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे बेरोजगार किंवा कमी उत्पन्नाच्या लोकांना मिळणारा सरकारी भत्ता, तोही साधारणपणे 18 पूर्ण झाल्यावरच मिळतो.

आईबापांचे पैसे. चाइल्ड बेनिफिट मुलाच्या संगोपनासाठी असतं. सोळा पूर्ण झाल्यावर मूल शिक्षणात किंवा मान्य प्रशिक्षणात नसेल, तर 31 ऑगस्टनंतर ते सहसा बंद होतं. शिकत असेल तर विसाव्या वर्षापर्यंत चालू राहू शकतं. म्हणजे पोर घरी बसलं की घरात येणारे पैसे कमी होतात!

अपवाद. अठराच्या आत युनिव्हर्सल क्रेडिट मिळतं ते कोणाला? आजार किंवा अपंगत्वामुळे काम न झेपणाऱ्यांना, स्वतःचं मूल सांभाळणाऱ्यांना, तीव्र अपंग व्यक्तीची देखभाल करणाऱ्यांना आणि आईवडिलांचा आधार तुटलेल्यांना. यातल्या शेवटच्यांचा विचार करा. घरी मारहाण होते म्हणून मैत्रिणीकडे सोफ्यावर झोपणारी सतरा वर्षांची मुलगी. घरी परतणं धोक्याचं आहे, हे तिने अनोळखी अधिकाऱ्याला पटवून द्यायचं. मंजूर झालंच, तर 2025-26 चा पंचविशीखालच्या एकट्या व्यक्तीचा मूळ दर महिना 316.98 पौंड, पंचवीस पूर्ण झालेल्याला 400.14. दुकानदार काही तिचं वय बघून ब्रेड स्वस्त देत नाही. हिला फुकटी म्हणायचं?

अठरानंतर. मिळतं, पण नोकरी शोधण्याच्या अटींवर, बहुतेकांना आठवड्याला 35 तासांपर्यंत. अटी मोडल्या की पैसे कापतात.

“म्हणून शिकत नाहीत.” जो भत्ता मिळतच नाही, तो न शिकण्याचं कारण कसा असेल? पैसे बंद केले की पोरं प्रशिक्षणाला जातील, हाच 1988 चा हिशेब होता. तरीही अतिशय हलाखीतल्या मुलांसाठी वेगळी तरतूद ठेवावीच लागली, कारण प्रत्येकाला परतायला घर नसतं.

तिकडच्या कुणा मराठी घरातलं मूल अशा अडचणीत असेल आणि “अठरा नाही, अर्जच करू नकोस” असं त्याला कोणी सांगितलं असेल, तर वरचे अपवाद त्याला पाठवा. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या तिकडच्या सल्ला देणाऱ्या संस्थेत सल्ला मोफत मिळतो.